कॅप्टनसाहेब घोडे सांभाळतात

अहो वहिनी, या जरा कुंपणाशी. काल रात्री आमच्याकडून ‘मेला, मेला, जाळा त्याला!’ असा ओरडा ऐकू आला ना? तुमच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला मला. कुणी मेलं-बिलं नाही हो. भांडणही नाही. कोळी होता तळघरात, बैलाएवढा. इश्श, आमच्या घराला कुठलं आलंय तळघर! गोष्टीतलं. आणि ओरडलं कोण म्हणाल, तर आमचे हे. उभा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापण्यात गेला, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, आणि काल कोळी मेला म्हणून टेबलावर थाप! बाळ दचकून उठलं. मग काय, खेळ तिथंच बंद. कोळ्यानं राखलेली पेटी अजून तशीच पडलीय तळघरात.

जुगार? छे हो! फासे आहेत, पण पैसा एक नाही. सांगते, हे लाडू घ्या आधी. अळिवाचे आहेत, लेकीसाठी केले होते, ती म्हणते आता बास.

तर खेळ असा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. सांगणारी म्हणजे आमची लेक. ती म्हणणार, ‘समोर पडका वाडा आहे, दार आतून बंद आहे, आत कुणीतरी खोकतंय. काय करता?’ आता तुम्ही म्हणालात, मी भिंतीवरून उडी मारते. मारा. पण आधी वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडेल त्या आकड्यात तुमच्या पात्राच्या अंगातली चपळाई मिळवायची. लेकीनं मनात धरलेला आकडा गाठला तर उडी जमली, नाही गाठला तर पडलात तोंडावर. २० पडला की सगळे खुर्चीतून उठतात. १ पडला की लेकीच्या तोंडावर जे हसू येतं ना, ते माझ्याच पोटची पोरगी असूनही बघवत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणतात ह्याला. पुण्यात कंपनीतल्या मंडळींबरोबर शिकली ही, आणि साखरपुडा झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर जावईबापूंना शिकवलं.

पैसे असतात, पण गोष्टीतले. सोन्याच्या मोहरा. आमचे हे सावकार झालेत त्या गोष्टीत, वही घालून हिशेब ठेवतात. खऱ्या नोटा छापणारा माणूस खोट्या मोहरा मोजतो आणि एक मोहर कमी भरली तर कॅप्टनसाहेबांना, म्हणजे आमच्या जावयांना, तिथंच उभं करून जाब विचारतो.

बाळाचं काय विचारताय, त्याची तऱ्हाच वेगळी. रेंजवर तोफा सुरू झाल्या की आपल्या काचा थडथडतात की नाही? बाळ ढिम्म. पण फासा टेबलावर टक्कन पडला की डोळे टक्क उघडे. म्हणून मी जेवणाच्या ताटात दुपट्याची चौघडी घालून दिली. फासा त्यातच टाकायचा. आवाज होत नाही आणि घरंगळून कपाटाखालीही जात नाही. सात फाशांचा संच असतो. त्यातला चार टोकांचा एक आहे, पायाखाली आला तर ब्रह्मांड आठवतं. बाळ आता पालथं पडायला लागलंय, आज ना उद्या सरपटणार, हाताला लागेल ते तोंडात घालणार. तेव्हा सात निघाले की सात मोजून परत लोणच्याच्या बरणीत, आणि बरणी फ्रिजवर. हा नियम माझा. त्याला फासा टाकायचा नसतो.

वेळ? वेळ कुठला हो! जावई इथं देवळालीला तोफखान्याच्या लाँग गनरी कोर्सला. सकाळी अंधारात बाहेर पडतात. दिवसभर वर्ग, रेंज, आकडेमोड, आणि रात्री अभ्यास. आपल्याला वाटतं तोफ म्हणजे बत्ती द्यायची की झालं. त्यांच्या वह्या बघा, मला तर गणिताच्या पेपरची धडकी आठवते. बाळ झालं तेव्हा १५ दिवसांची रजा मिळाली, ती दवाखाना आणि पाहुणे ह्यांतच संपली. कागदावर पाहाल तर वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस किरकोळ, पण कोर्स चालू असताना मागायची कुणाकडं? बारशाला आले ते युनिफॉर्मवर. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, दोन मुठी घुगऱ्या खाल्ल्या आणि गेले.

लेकीला २६ आठवड्यांची रजा आहे, कायद्यानं मिळते आता. पण ती रजा बाळाची, तिची कुठं? सुरुवातीला दोघांनी जुनंच चालवायला बघितलं. पूर्वी म्हणे शनिवारी दुपारी जेवून बसले की दिवेलागणीला उठायचे. इथं ते जमायचं कसं? एका शनिवारी बाळाला ताप, एका शनिवारी जावयांना अचानक ड्यूटी, एका शनिवारी सगळे हजर आणि सांगणारी स्वतःच खुर्चीत घोरतेय. मग लेक म्हणाली, वेळ मिळायचा नाही, खेळच कापून लहान करू.

आता हिशेब कसा लावला बघा. पाजण्या-पाजण्यातलं अंतर धरायचं. त्यातून ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं वजा केलं की उरतो पाऊण तास. मग गोष्टही पाऊण तासाचीच बेतायची. एक जागा, एक भानगड, एक मारामारी. राजकन्या, सात समुद्र वगैरे बंद. आदल्या दिवशी ही भाजी निवडता निवडता मला विचारते, ‘आई, विहिरीत काय असावं?’ मी म्हटलं, मोटर जळालेली असावी, आपल्याकडं तेच असतं. हसू नका, तिनं खरंच घेतलं ते. विहिरीचा रहाट कुणीतरी मुद्दाम मोडला होता, आणि तो कुणी मोडला ह्याच्यावर दोन शनिवार गेले.

दुसरा नियम तर फार हुशारीचा. डाव संपेल तेव्हा सगळ्यांनी गावात परत यायचं. अर्ध्या जंगलात, अर्ध्या भुयारात कुणाला सोडायचं नाही. का, तर खेळायला येतात ते जावयांचे फौजी दोस्त, पुढच्या खेपेला कोण असेल ह्याचा भरवसा नाही. एकाची रात्रीची फायरिंग निघते, एकाला दिल्लीला टीडीवर, म्हणजे तात्पुरत्या ड्यूटीवर, धाडतात, एकाच्या परीक्षा. हे सगळे गावात असले की त्या दिवशी जे रिकामे असतील ते वेशीबाहेर पडतात, बाकीचे गावात राहिले असं समजायचं. गोष्टीला कुठं खोंब बसत नाही. ही युक्ती अमेरिकेतल्या बेन रॉबिन्स नावाच्या गृहस्थांची. त्यांनी ‘वेस्ट मार्चेस’ म्हणून खेळ चालवला, त्यात ठरलेला वार नाही, ठरलेली मंडळी नाहीत. ज्यांना निघायचंय त्यांनीच दिवस ठरवायचा, कुठं जायचं तेही त्यांनीच ठरवायचं, आणि सांगणाऱ्याला कळवायचं. त्यांनी काय मनात धरून केलं मला ठाऊक नाही, पण फौजी माणसाला ह्याहून सोयीचं काय असणार, तुम्हीच सांगा.

आणि गैरहजर राहिलेल्यांपैकी एक सोबत नेलाच असेल, तर तो घोडे सांभाळतो. आमचे जावईच जास्त वेळा. बाकीचे आत राक्षसाशी झुंजतायत आणि कॅप्टनसाहेबांचा योद्धा बाहेर घोड्यांना चंदी घालतोय. पुढच्या वेळी आले की सगळे विचारतात, ‘सर, घोडे कसे आहेत?’ तेही सॅल्यूट ठोकून सांगतात, ‘सगळे हजर, एकाला सर्दी.’ पण शिकण्याचे गुण सगळ्यांना सारखे मिळतात हं. आत लढलेल्यालाही तेवढेच, घोडे राखलेल्यालाही तेवढेच. ह्यावरून केवढा वाद झाला! तो केरळचा कॅप्टन आहे ना, उंच, तो म्हणाला, मी मार खाल्ला आणि ह्यांनी गवत कापलं, मग सारखे गुण कसे? लेकीनं तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, पगार हजेरीवर असतो, बढती सेवाज्येष्ठतेवर. झालं, कॅप्टन गप्प. सरकारी नोकरीतला माणूस घरात असला की असा उपयोग होतो.

झोप का काढत नाहीत त्या पाऊण तासात? तुमच्यासारखंच माझ्या जावेनंही फोनवर विचारलं. काढतात की, सहा दिवस तेच करतात. पण मी ऐकते ना ह्या दोघांचं बोलणं. ‘डायपर संपले का?’ ‘दूध ओकलं का?’ ‘लसीची तारीख कधी?’ ‘बिल भरलं का?’ नवराबायको कसली, एकाच ऑफिसातले दोन कारकून. आणि शनिवारी हीच मुलगी म्हाताऱ्या भगताचा आवाज काढून नवऱ्याला कोडी घालते, तो चिडतो, हसतो, तिच्याशी हुज्जत घालतो. लग्नाआधी कसं बोलत असतील ते मला तेव्हा कळतं. आता रोज करतील तर मीच फटके देईन. आठवड्याला एकदा, आणि तेही जमलं तर.

आणि पोरखेळ म्हणून नाकं मुरडायची सोय नाही बरं का फौजेत. अहो, ह्या खेळाचं मूळच लष्करात आहे. लेक पाजताना मला सांगत बसते, म्हणून माझं पाठ झालंय. प्रशियात राइसविट्झ म्हणून एक सरदार होता. त्यानं १८१२ साली राजाला एक मोठं टेबलच करून दिलं, वर टेकड्या, नद्या, गावं मांडायची आणि लढाई खेळायची. पुढं १८२४ मध्ये त्याच्या मुलानं तो खेळ नकाशावर आणला, फाशांसकट, आणि सैन्यानं तो अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला. हा मुलगा कोण? तोफखान्यातला लेफ्टनंट! हे कळल्यापासून जावयांची मान जी ताठ झालीय! तसे ते स्वतःही पटाईत आहेत. इकडं कोर्सात त्यांना वाळूत डोंगर-नाले मांडून लढाई समजावून सांगायला लावतात, सँड मॉडेल म्हणतात त्याला. त्यामुळं लेक दमली की तेच गोष्ट सांगायला बसतात, आणि मग गोष्टीतल्या राक्षसाच्या गुहेलाही उत्तर दिशा, उतार आणि झाडीची दाटी आधी सांगितली जाते. राक्षस येईस्तोवर बाळ उठतं.

नंतरचं तर अजून मजेशीर. अमेरिकेत मिनेसोटाकडं डेव्हिड वेस्ली म्हणून एक तरुण होता. त्याला विद्यापीठाच्या लायब्ररीत १८८० सालचं युद्धखेळाचं एक पुस्तक सापडलं. लिहिणारा टॉटन, तोही तोफखान्यातला लेफ्टनंट! बघा, जिथं तिथं आपले देवळालीवालेच. त्या पुस्तकात होतं की पंच पाहिजे आणि खेळणाऱ्यानं काहीही करून बघायला मोकळं पाहिजे. त्यावरून वेस्लीनं १९६९ मध्ये एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ रचला. पलटणी सोडून दिल्या आणि एकेकाला माणूस केलं. कुणी गावचा महापौर, कुणी बँकवाला. डाव असा विस्कटला की ह्याला वाटलं, फसलं सगळं. पण दोस्त म्हणाले, पुन्हा कधी? आणि नेमकं १९७० मध्ये ह्याला सैन्यातून बोलावणं आलं. राखीव दलात होता ना. गेला बिचारा ड्यूटीवर. मागं त्याचे डाव डेव्ह आर्नेसन नावाच्या मित्रानं चालवले, त्यात किल्ले, भुयारं, जादू घातली, आणि तेच पुढं गॅरी गायगॅक्स ह्यांच्याबरोबर मिळून १९७४ साली छापून बाजारात आलं. पहिल्या खेपेला हजार प्रती. वेस्ली घरी राहिला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक! म्हणजे ड्यूटी लागली म्हणून खेळ बुडाला, हे रडगाणं आमच्या जावयांच्याही आधीचं आहे.

आणि गायगॅक्स तर पाच मुलांचा बाप. विम्याच्या कंपनीतली नोकरी गेलेली, घरी बसून लोकांचे बूट दुरुस्त करायचा. त्यानं भुयार आखलं, त्यात पहिल्यांदा उतरले कोण, तर घरातलीच शाळकरी पोरं, मुलगा एर्नी आणि मुलगी एलीस. त्यांना पेटी सापडली, तीन हजार तांब्याची नाणी! पण उचलेनात. एवढं ओझं न्यायचं कसं? पोरं हिरमुसली. आमचे हे ऐकून म्हणाले, ‘बरोबर आहे, चिल्लर वाहून नेण्याचं दुखणं मला विचारा.’ मग पोरं गेली झोपायला, आणि बाप बसला रात्री पुढचा मजला आखत. लेक म्हणते, आई, हे तर आपल्याकडचंच वेळापत्रक.

एकटीनंही खेळते हो ती. रात्री दोनच्या पाजण्याला मी डोकावले तर एका हातात बाळ, एका हातात फोन, आणि ओठ हलतायत. मला वाटलं रामरक्षा म्हणतेय. ‘आयर्नस्वॉर्न’ म्हणून एक खेळ आहे, २०१८ मध्ये निघाला, नियमांचं पुस्तक फुकट मिळतं. त्यात सांगणारा लागतच नाही. ‘दार उघडं आहे का?’ असं आपणच विचारायचं, फासा टाकायचा आणि तक्त्यात उत्तर बघायचं. हो किंवा नाही, त्यावरून पुढची गोष्ट आपली आपण. बाळ झोपलं की जिथं असेल तिथं ठेवून द्यायची. मला ह्यात राम वाटला नाही, पण रात्री दोनला जागं राहायला फेसबुक चाळण्यापेक्षा बरं. तिथं दुसऱ्यांची बाळं आपल्या बाळाआधी बसायला लागलेली दिसतात.

पुण्याची मंडळी संगणकावर खेळतात, सगळे आपापल्या घरी, पडद्यावर नकाशा. लेक कधीमधी जाते त्यांच्यात. जावई नाही पडत त्या भानगडीत. २०२० साली सैन्यानं सगळ्यांना ८९ अ‍ॅप फोनवरून काढायला लावली होती, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावलाय. म्हणतात, कागद, पेन्सिल आणि फासे, ह्यात कुणी हेर शिरत नाही.

खरी चिंता पुढची आहे. कोर्स संपला की पोस्टिंग, आणि रंग असा दिसतोय की फील्डच. तिथं कुटुंब नेता येत नाही. लेक आणि बाळ एक तर इथं, नाही तर सेपरेटेड फॅमिलीच्या क्वार्टरमध्ये. फोनला रेंज असेल-नसेल. मी म्हटलं, आता रे काय खेळाचं? तर दोघांनी आधीच ठरवून ठेवलंय. पत्रांनी खेळणार! पाकिटावर युनिटचं नाव आणि केअर ऑफ ५६ ए.पी.ओ., पूर्वेकडं गेले तर ९९. ही लिहिणार, ‘पूल तुटलाय, पलीकडं धूर दिसतोय.’ ते तिकडं बंकरात फासा टाकणार आणि पडलेला आकडा लिहून धाडणार. मी म्हटलं, प्रत्येक पत्रात २० पडला असं लिहिलं तर? लेक म्हणाली, ऑफिसरचा शब्द आहे आई. आमचे हे म्हणाले, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील.

पण पत्रांचंही नवीन नाही. रिक लूमिस म्हणून एक अमेरिकन सैनिक हवाईत, फोर्ट शाफ्टरला नोकरीवर होता, तेव्हा १९७० मध्ये त्यानं टपालानं युद्धखेळ चालवायला घेतला. लोक पत्रानं चाली कळवायचे, हा निकाल लावून धाडायचा. इतकी पत्रं यायला लागली की सैन्यातून सुटल्यावर त्यानं त्याचीच कंपनी काढली. पुढं त्याच कंपनीनं १९७६ साली एकट्यानं खेळायच्या गोष्टीचं पुस्तकही छापलं. जावयांना मी म्हटलं, बघा, पेन्शनीनंतरची सोय.

एक मात्र पत्रात जमायचं नाही. काल जावई खजिन्याच्या पेटीपाशी पोचले, बाळ उठलं, तसं फासा टाकून हात धुतले आणि उचललं त्याला. खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत बाकीच्यांना सांगतायत, ‘पेटी उघडू नका, सापळा असणार, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.’ ऑर्डरच. सगळे मुकाट बसले, बशीतले लाडू संपले, बाळ काही झोपेना. शेवटी केरळचा कॅप्टन म्हणाला, ‘सर, ह्या वेळी घोडे मी सांभाळतो, तुम्ही बाळ सांभाळा,’ आणि सगळे उठून मेसला गेले.

तर वहिनी, मुद्द्याचं बोलू? त्यांच्यात एक लेडी ऑफिसर यायची, ती वैदीण होती गोष्टीत, सगळ्यांच्या जखमा बांधायची. २०२३ पासून तोफखान्यात मुली घेतात ना, त्यांतलीच ही, नुकतीच लागलेली. फार गोड पोर. तिचा कोर्स संपला, गेली युनिटला. आता ह्यांच्यात औषध करणारं कुणी नाही आणि कोळी चावून दोघं मरायला टेकलेत. तुम्ही आजवर अख्ख्या गल्लीला काढे पाजलेत. या की. मला नाही जमायचं हो, मी बाळाकडं, आणि मला आत्ताच गोष्टीतल्या गावातली खाणावळ दिलीय चालवायला. इंग्रजी लागत नाही, लेक मराठीत सांगते, केरळच्या कॅप्टनला जावई समजावतात. रागावायचंही नाही, मरायचं झालं तर नवीन पात्र घेता येतं.

शनिवारी साडेआठला या, सव्वानऊला पाजायचं असतं. बेल वाजवू नका, मागचं दार लोटून ठेवते. आणि भाऊजींना सांगा, ताट झाकून ठेवलंय, जेवून घ्या म्हणावं.